स्वप्नाची साक्ष

त्या थंडीत डोंगरावरच्या त्सफात गावी, यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, रब्बी हानानियांनी आशीर्वाद म्हटला की पुढे नुसती शांतता पसरायची. ‘आमेन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणायला कुणाचं तोंड उघडत नसे. खाटकाने त्यांच्या बायकोला, सिमहाला, सलग तीन दिवस मानेची हाडं दिली. चौथ्या दिवशी तिने ती त्याच्याच फळीवर आपटली आणि रिकाम्या हाताने घरी आली.

“मसूदच्या बायकोपायी हे सगळं,” ती नवऱ्याला म्हणाली. “अन् तुमच्या त्या व्याह्यापायी.”

मसूद फेरीवाला होता. पाठीवर पेटी बांधून तळ्याकाठच्या गावांतून हिंडायचा. दोन वर्षांपूर्वी वादळात त्याची होडी उलटली. नावाडी पोहत बाहेर आला, मसूद आला नाही. तळं एवढं मोठं की एका जागी उभं राहून सगळे काठ काही दिसत नाहीत. माणूस कुठेतरी दूर बाहेर पडला असेल, ही शंका उरतेच. म्हणून कायद्याने त्याची बायको लूना ना सधवा, ना विधवा, नुसती बांधलेली. वय चोवीस.

मग यंदा धोबीण जोहरा मजदल गावाहून एक बातमी घेऊन आली. तिथला अबू सालेम कोळी काठावर जाळं सांधता सांधता आपणहून कुणाला तरी म्हणत होता, “तो पेटीवाला मसूद, जळक्या कानाचा. दर महिन्याला माझ्या दारात बसायचा बिचारा. वादळाच्या दुसऱ्याच सकाळी काठाला लागला. तोंड जसंच्या तसं होतं. मीच पुरला त्याला.”

कायद्याला एवढं पुरेसं होतं. परधर्मीयाला विचारून काढून घेतलेली साक्ष चालत नाही. बोलता बोलता सहज निघालेली मात्र चालते. बायकांचा शब्द एरवी अशा कामात घेत नाहीत, पण बांधलेल्या बाईला सोडवायचं असेल तर एकटीचाही घेतात. हानानियांनी जोहराकडून ‘मीच पुरला’ हे शब्द तीनदा वदवून घेतले आणि लूनाला निरोप धाडला, की रविवारी निकालावर सही करतो. खल्फोन विणकर वर्षभर वाट बघत होता. मंगळवारचं लग्न ठरलं.

त्याच आठवड्यात रब्बी शलतिएल प्रार्थनाघरात उभे राहिले. हानानियांची सून ही त्यांची मुलगी. दोघे एकाच गुरूपाशी शिकले, पण हानानिया उघड ग्रंथांत रमले आणि शलतिएल गुप्त विद्येत. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांचा उपास. मेलेल्यांशी ते बोलतात असं लोक म्हणत.

“मसूद माझ्या स्वप्नात आला,” ते म्हणाले. “छाती वरखाली होत होती त्याची. म्हणाला, मी आहे, माझी बायको कुणाला देऊ नका.”

बायका रडायला लागल्या. हानानियांनी जागेवरूनच विचारलं, “अजून काय म्हणाला? पत्ता सांगितला का? माणूस धाडतो लगेच.”

“थट्टा कर. उघड कायदा म्हणजे नुसता अंगरखा. तू जन्मभर अंगरख्याचीच बटणं मोजलीस, आतलं माणूस काही पाहिलं नाहीस.”

“जिथे उघड ग्रंथ बोलतो तिथे गुप्त ग्रंथाने गप्प बसायचं. हे आपल्या गुरूने शिकवलं तेव्हा तू डुलक्या काढत होतास. तेव्हापासूनची सवय आहे तुला!”

कुणीही हसलं नाही. त्या दिवसापासून आमेन बंद झालं.

त्या शनिवारी जेवण झाल्यावर हानानिया आडवे झाले. डोळा लागला तोच मसूद समोर. कुठल्याशा दगडी उंबऱ्यावर बसून तो काकडी सोलत होता. जळका कान त्यांच्याकडेच होता. मान वर न करता म्हणाला, “रब्बी, मी आहे ना अजून.”

ते उठून बसले. पाठ घामाने भिजली होती. शेजारी सिमहा घोरत होती, भिंतीवर ऊन होतं. ऐकून ऐकून डोक्यात बसलं असेल, त्यांनी स्वतःला बजावलं. पण त्या काकडीचा वास अजून नाकात होता.

रविवारी सकाळी ते थेट खाली ओढ्यावर, जोहराच्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. ती गुडघाभर पाण्यात होती.

“पुन्हा सांग.”

“चौथ्यांदा?” तिने पिळलेली चादर दाणकन आपटली. “माझ्यावर विश्वास नाही तर त्या स्वप्नवाल्याकडे जा ना! मी मजदलला चादरी पोचवायला गेले होते, झोपायला नव्हते गेले.”

“तो काय म्हणाला?”

“मीच पुरला त्याला. हेच म्हणाला. मसूदचं नाव घेऊन. कुणी विचारलं नव्हतं.”

एक अक्षरही हललं नव्हतं. हानानिया वर येईपर्यंत दोनदा थांबले. साक्ष कालची होती तशीच आज होती; बदललं होतं ते त्यांचं मन, आणि मनातल्या धास्तीला कायद्यात जागा नव्हती. आज स्वप्नाने हिला बांधायचं, तर उद्या स्वप्नानेच कुणाला फासावरही चढवता येईल. घरी येऊन त्यांनी निकालावर सही केली. पण केलेली सही त्यांना स्वतःलाच वाचता येईना. त्यांनी दुसरा कागद घेतला.

मंगळवारी खल्फोनच्या अंगणात मोजून पंधरा माणसं होती. नवरानवरीच्या डोक्यावर प्रार्थनेची शाल धरली होती. हानानियांनी प्याला उचलला, एवढ्यात फाटकातून शलतिएल आत आले. मागे तीस-चाळीस जण.

“थांबव हे,” ते म्हणाले. मग जवळ येऊन त्यांनी हानानियांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तुलापण दिसला तो.”

नाही म्हणणं सोपं होतं. पण तोंडाशी आशीर्वादाचा प्याला असताना खोटं बोलणं हानानियांना जमलं नाही.

“दिसला. शनिवारी दुपारी.”

अंगणात कालवा झाला. शाल धरणाऱ्यांपैकी एकाचा हात खाली आला. खल्फोनने न बघताच तो मनगटाला धरून पुन्हा वर केला.

“ऐकलंत? दोन स्वप्नं! दोन साक्षीदार!”

“शंभर असू देत,” हानानिया ओरडले. “तोरा, आपली धर्मसंहिता, आकाशात नाही, ती इथे खाली दिलेली आहे. स्वप्न कोर्टात उभं राहत नाही, शपथ घेत नाही, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. तू उभा राहतोस का त्याच्या जागी? बोल, या जागत्या डोळ्यांनी मसूदला जिवंत पाहिलं, असं म्हण. आत्ता लग्न मोडतो.”

शलतिएलांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “जागेपणी मी पाहिलं नाही.”

“मग बाजूला हो.”

“तो परत येईल, हानानिया. तेव्हा या बाईच्या अनौरस ठरलेल्या पोरांचं तोंड तू बघ.”

लूनाने चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. ती पांढरीफटक पडली होती, पण बोलली ती शलतिएलांशी नाही. “तुम्हाला दिसला,” ती हानानियांना म्हणाली, “आणि मला सांगितलंत ते आज, इथे, या सगळ्यांसमोर?”

“स्वप्न सांगण्यासारखं नव्हतं.”

“माझा नवरा होता तो! सांगण्यासारखं आहे की नाही, ते मी ठरवलं असतं.” मग तिने बोट पुढे केलं आणि खल्फोनला म्हणाली, “घाल.”

त्याने अंगठी घातली. हानानियांनी आशीर्वाद म्हटले, आणि आमेन म्हणणारे आवाज त्यांना मोजता आले असते.

शलतिएलांनी दुसऱ्या दिवशी मुलीला माहेरी नेलं. सहा आठवड्यांनी ती आपली आपणच परत आली. बापाशी भांडून आली म्हणतात. दोघे व्याही मात्र त्यानंतर एका बाकावर बसले नाहीत. मसूद आला नाही. दुसऱ्या वर्षी नाही, बाराव्या वर्षीही नाही. शलतिएल मरेपर्यंत म्हणत राहिले, “अजून आला नाही.” आणि पाठीवर पेटी घेतलेलं कुणी चढण चढताना दिसलं की हानानिया वाचता वाचता ओळ विसरायचे. सिमहालाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

लूनाला तीन मुलं झाली. ती हानानियांशी पुन्हा कधी बोलली नाही. गल्लीत समोर आले तर भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पण एकदा सणाच्या आदल्या दिवशी ती त्यांच्या दारात आली. हातात पोट फाडलेली कोंबडी होती, काळजावर हिरवा डाग. असा डाग दिसला की कोंबडी धर्माप्रमाणे खायला चालेल का, हे रब्बीला दाखवून घ्यावं लागतं. शलतिएलांचा दुसरा जावईही असले प्रश्न सोडवायचा, आणि त्याचं घर तिला जवळ पडलं असतं. हानानियांनी कोंबडी उजेडात धरली, डाग नखाने खरवडला, वास घेतला.

“चालेल,” ते म्हणाले.

तिने कोंबडी घेतली आणि काही न बोलता निघून गेली.