चोवीस होल्डांचं उदाहरण

पाल्काहाझाला जाणारी बस व्हेंदेल मास्तरांनी चाळीस वर्षं टाळली होती. तशी ती रोज त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरूनच वळायची. तिसा नदीच्या काठाकाठानं जाणारी ही एकच बस, आणि पाल्काहाझाच्या पुढच्या गावात मास्तरांचा मावसभाऊ राहायचा. त्याच्याकडे जायचं झालं, तर मास्तर आगगाडीनं लांबचा वळसा घालून जायचे. भाऊ म्हणायचा, "गणिताचा मास्तर आणि जवळचा रस्ता कळत नाही!" मास्तर नुसते हसायचे.

पण सप्टेंबरातल्या त्या सकाळी त्यांची बहीण गिझेला ऐकायला तयार नव्हती. थोरली, विधवा, आणि दोन वर्षांपासून भावाच्याच घरात राहायला आलेली. ती दोन रिकाम्या पिशव्या आणि बरण्यांचं खोकं घेऊन दारात उभी होती.

"आलुबुखार बाजारातही मिळतात की," मास्तर म्हणाले.

"बाजारातले पाणचट. पाल्काहाझात एक बाई आहे, ती आपल्याच बागेतले काढून अंगणातल्या काहिलीत मुरांबा करून देते. साखरेचा दाणा घालत नाही. आपण फक्त बरण्या न्यायच्या. चल."

"तू जाऊन ये ना."

"आणि भरलेल्या बरण्या कोण उचलणार? माझा नवरा? तो वर गेला, सुटला. टोपी घाल."

मास्तरांनी टोपी घातली. बसमध्ये खिडकीशी बसले, आणि पुस्तक उघडून पाऊण तास एकाच पानावर राहिले.

एकसष्ट सालची गोष्ट. जिल्ह्याच्या गावातल्या अध्यापक विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. व्हेंदेल तेव्हा सत्तावीस वर्षांचे, नवे लागलेले. गणिताची प्रश्नपत्रिका काढायचं काम थोरल्यांनी त्यांच्या गळ्यात टाकलं. त्यांनी आठवडाभर जीव ओतून ती काढली. शेवटचं उदाहरण सहा गुणांचं होतं, आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. घोड्यांचं कापणीयंत्र तासाला आठशे चौरस वाव गहू कापतं. दिवसाला बारा तास काम चालतं. चोवीस होल्डांचं शेत किती दिवसांत कापून होईल?

साधं त्रैराशिक नव्हतं ते. आधी होल्ड या जमिनीच्या मापाचे वाव करायचे, मग वावांचे तास, मग तासांचे दिवस. प्रत्येक पायरीला एक दर, आणि तो दर कुठं गुणायचा नि कुठं भागायचा, हे ज्याला कळलं त्याला गणित कळलं, असं व्हेंदेल मानत. होल्डात सोळाशे चौरस वाव. चोवीस गुणिले सोळाशे, भागिले आठशे, अठ्ठेचाळीस तास. चार दिवस. स्वच्छ उत्तर.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. व्हेंदेल पोस्टातल्या कारकुनाचा मुलगा. जमीन त्यांनी नकाशात पाहिलेली. होल्ड दोन असतात हे त्यांनी वाचलं होतं, पण सरकारी दप्तरात मोठा चालतो म्हणून दुसऱ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. दुसरा लहान होल्ड, बाराशे वावांचा. तिसाकाठच्या काही गावांत शेतकरी अजून त्यातच बोलायचे. आणि त्या मापानं केलं तरी उत्तर तेवढंच स्वच्छ निघतं: छत्तीस तास, तीन दिवस.

एकशे अकरा उत्तरपत्रिकांपैकी हे फक्त एकीत लिहिलेलं होतं. एतेल्का बुर्यान, गाव पाल्काहाझा. तिनं दोन्ही रीती मांडल्या होत्या, आणि दोन्ही उत्तरांखाली, तिथल्या शाळेतल्या शिस्तीप्रमाणे, पट्टीनं दोन दोन रेघा मारल्या होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मोठा होल्ड असेल तर चार दिवस, लहान असेल तर तीन. आमच्याकडे लहान चालतो. प्रश्नात सांगितलेलं नाही.

मुख्य परीक्षक लरिंत्स यांनी ती उत्तरपत्रिका हवेत धरली. "ही बाई बघा! एका प्रश्नाला दोन उत्तरं. बाजारात आलीय का ही, 'घ्या जे आवडेल ते' म्हणायला? दोन उत्तरं म्हणजे एकही नाही." मग ते व्हेंदेलकडे वळले. "अहो, प्रश्न तुमचा ना? होल्ड कोणता ते लिहायला हवं होतं का?"

खोलीतल्या चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं. व्हेंदेलचे कान तापले.

"लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले. "होल्ड म्हणजे होल्ड."

सहापैकी शून्य. एतेल्का बुर्यान चार गुणांनी राहिली.

एवढ्यावरच संपलं असतं, तर कदाचित मास्तरांनी ते विसरायचा प्रयत्न तरी केला असता. पण यादी लागली त्या दिवशी त्यांची तिची जिन्यात गाठ पडली. अठरा वर्षांची, उन्हानं करपलेली, आईचे बूट घातलेली. "सर, गणितात माझं काय चुकलं?" तिनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि व्हेंदेल कठड्याला धरून म्हणाले, "प्रश्न नीट वाचत जा."

पुढची छत्तीस वर्षं त्यांनी वर्गात प्रत्येक उदाहरणाआधी फळ्यावर मापं लिहिली. कोणता होल्ड, कोणता पिंप, कोणता मैल. पोरं त्यांना मागून 'कोणता मास्तर' म्हणायची. त्यानं काही फिटलं नाही.

बस थांबली. गिझेलानं त्यांना कोपरानं ढोसलं.

मुरांबा करणाऱ्या बाईचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात तांब्याची काहील चढलेली, खाली बाभळीची लाकडं, आणि डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक बाई पुरुषभर उंचीच्या लाकडी डावानं ती ढवळत होती. सकाळपासून ढवळत असावी. आतला लगदा काळपट जांभळा होऊन जड बुडबुडे सोडत होता. फाटकावर पाटी होती: विधवा नाद्य बाई. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. नाद्य. बुर्यान नव्हे.

"या या, दम लागला असेल," बाई म्हणाली. "हात देत नाही, चिकट आहेत. ही काहील दुसऱ्यांची. तुमची उद्या लावीन. किती बरण्या?"

"बारा," गिझेला म्हणाली. "पाऊण पाऊण किलोच्या. आलुबुखार किती लागतील? थांबा, माझा भाऊ सांगेल, तो गणिताचा मास्तर आहे. व्हेंदेल, सांग."

"एक किलो मुरांब्याला फळ किती?" मास्तरांनी विचारलं.

"चार किलो."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. बारा पाऊण नऊ, नऊ चोक छत्तीस. "बादली केवढी?"

"आठ किलोची."

"म्हणजे साडेचार बादल्या."

बाई हसली. डाव थांबला नाही. "मास्तर, तुमच्या हिशेबात बिया राहिल्या की! चार किलो म्हणजे बी काढलेलं फळ. झाडावरून ते बीसकट येतं, दर दहा किलोला एक किलो बी. पाच बादल्या. आणि माझी नात तोडायला आली, तर सहा."

गिझेला खदखदून हसली. "गेली ना अब्रू! चाळीस वर्षं पगार घेतलास रे!"

"नाही हो, त्यांचं बरोबर होतं," बाई म्हणाली. "मीच बी सांगितली नव्हती. आणि माझं डोकं कुठलं गणिताचं! मी गणितात नापास झालेली बाई आहे. तुमच्याच तिथं, अध्यापक विद्यालयात. मास्तरीण व्हायला निघाले होते."

मास्तरांची पेन्सिल तशीच राहिली. त्यांनी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रुमालाखाली काही ओळखीचं सापडेना. मग डाव धरलेल्या हातांकडे पाहिलं, तिथंही नाही. तिच्या आवाजात मात्र जिन्यातला तोच सूर होता.

"कोणतं उदाहरण आलं होतं?" गिझेलानं सहज विचारलं.

"गव्हाच्या कापणीचं. मी दोन उत्तरं लिहिली, काय सुचलं होतं देव जाणे. एक तरणे मास्तर होते, भले माणूस. मला जिन्यात म्हणाले, प्रश्न नीट वाचत जा. खरंच होतं त्यांचं. मी आयुष्यभर तेच ध्यानात ठेवलं. औषधाची बाटली, विम्याचा कागद, काहीही असो, तीनतीनदा वाचते. पोरी हसतात."

"पोरी किती?"

"दोन. दोघी हुशार होत्या. थोरलीला गणिताकडे जायचं होतं. मीच म्हटलं, बाई, आपल्या रक्तात ते नाही, उगाच तोंडघशी पडशील. शिवणकाम शिकली. बरं चाललंय." तिनं काहिलीच्या कडेचा लगदा खरवडून आत ओढला. "बागेत जा ताई, फळ बघून घ्या तुमचं. डावीकडची तीन झाडं."

गिझेला पिशवी घेऊन बागेत गेली.

मास्तर उभेच राहिले. आता तिच्या मागून बागेत जायचं, फळं बघायची, संध्याकाळच्या बसनं परतायचं. उद्या गिझेलाला एकटीला पाठवायचं. इतकं सोपं होतं. बाई सुखी दिसत होती. तिच्या सुखात आपण कशाला हात घालायचा? हा विचार शहाणपणाचा की भित्रेपणाचा, हे त्यांना ठरवता येईना. त्या दिवशी परीक्षकांच्या खोलीतही हे दोन्ही असेच एकमेकांसारखे दिसले होते.

"एतेल्काबाई," ते म्हणाले.

डाव क्षणभर अडखळला. "माझं नाव तुम्हाला ताईंनी सांगितलं?"

"नाही. तुमच्या उत्तरपत्रिकेवर वाचलं होतं. एतेल्का बुर्यान. ते जिन्यातले मास्तर मी."

बाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "अगं बाई! तुम्ही? केस कुठं गेले सगळे? आणि मी तुम्हाला बिया शिकवतेय!"

तिचं ते हसू पाहून मास्तरांना पुढचं बोलणं आणखी जड गेलं. पण आता थांबणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं होतं.

"तुम्ही प्रश्न नीटच वाचला होता," ते म्हणाले. "नीट लिहिला नव्हता तो मी. होल्ड कोणता, ते सांगायला हवं होतं. तुमची दोन्ही उत्तरं बरोबर होती. एकशे अकरा जणांत ते फक्त तुमच्या लक्षात आलं. मला तेव्हाच कळलं होतं. मुख्य परीक्षकांनी विचारलं, आणि मी खोटं बोललो. मला लाज वाटली म्हणून."

लाकडं तडतडली. बाई ढवळत राहिली. दोनतीन फेऱ्या झाल्या.

"त्या उदाहरणाला गुण किती होते?"

"सहा."

"आणि मला कमी पडले चार."

"हो."

"म्हणजे दोन वरच राहिले असते," ती म्हणाली. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण ती हिशेब पडताळून पाहत होती. नंतर तिनं डाव त्यांच्या हातात दिला. "धरा. थांबू नका, तळाला लागेल."

ती पायरीवर जाऊन बसली, त्यांच्याकडे पाठ करून. मास्तर ढवळू लागले. डाव त्यांना वाटला त्याहून कितीतरी जड होता. वाफेनं चष्मा धुरकटला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"मला वाटायचं, मी मठ्ठ," ती पाठमोरीच म्हणाली. "एकदा ते मान्य केलं ना मास्तर, की जगायला सोपं जातं. नवरा म्हणायचा, तुझं डोकं चालतं. मी म्हणायचे, गप रे, माझ्यावर शिक्का बसलाय. थोरलीची मास्तरीण घरी आली होती, हिला पुढं शिकवा म्हणून. मी तिला याच पायरीवर बसवून परत पाठवलं." तिनं पायरीवरून हात फिरवला. "आता थोरली सदतिसाची. वाकून वाकून पाठ गेलीय तिची."

"मी तिला भेटून सांगू का? माझ्या तोंडानं—"

"काय सांगाल? की तुझी आई हुशार होती, आणि तरीही तिनं तुला अडवलं?"

मास्तरांच्या हातातला डाव मंदावला.

"तुम्ही चाळीस वर्षं हे ओझं वाहिलंत, दिसतंय मला. आज उतरवलंत. बरं झालं तुमच्यासाठी. पण ते ठेवलंत कुठं? माझ्या अंगणात." ती वळली. डोळे कोरडे होते. "हे घेऊन मी आता काय करू, ते सांगा. तुम्ही शिकलेले आहात."

मास्तरांनी तोंड उघडलं. क्षमा करा, एवढं तरी म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तिलाच काहीतरी द्यावं लागणार होतं, आणि तिच्याकडून आणखी काही मागायचा त्यांना धीर होईना.

बागेतून गिझेलाचा आवाज आला. "व्हेंदेल! ये रे, बघ काय फळ आहे! साखरेचे गोळे नुसते!"

बाई उठली. एप्रनला हात पुसले, काहिलीजवळ आली, आणि त्यांच्या हातून डाव काढून घेतला.

"सोडा," ती म्हणाली. "जळायला लागलंय तुमच्या हातानं."

ती पुन्हा ढवळू लागली. तळापर्यंत डाव नेऊन, कडा खरवडून, एकसारखी. मास्तर तिच्याकडे पाहत दोन पावलं मागं सरले. मग बहिणीच्या हाकेच्या दिशेनं, चष्मा न पुसताच, बागेकडे चालू लागले.