गुरुवारी पेटलेला टेस्टर

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात, जुन्या किल्ल्या आणि गंजलेले खिळे यांच्यामध्ये माझा एखादा भाऊ नक्की पडलेला असेल. दिसायला तो स्क्रू ड्रायव्हरसारखा असतो, पण त्याची मूठ पारदर्शक असते. मी एक जुना टेस्टर आहे. माझ्या पोटात निऑन वायू भरलेला इवलासा दिवा आहे, त्याला लागून एक रोध आणि मागे स्प्रिंग. माझं टोक तारेला लावायचं आणि मागच्या टोपीवर बोट ठेवायचं. तारेत वीज असेल, तर अगदी थोडा प्रवाह माझ्यातून आणि धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीकडे जातो. रोध त्याला इतका अडवतो, की माणसाला काही जाणवत नाही. दिवा मात्र नारिंगी पेटतो. एवढंच माझं काम. पण ते मी नीट करतो.

माझे पहिले मालक कोंडाजी. ते लोणावळ्यातल्या बंगल्यांमध्ये वायरिंगची कामं करत. तिथल्या ओलीने भिंतींना बुरशी धरायची, बोर्डाच्या मागे पाणी झिरपायचं. अशा घरांत माझ्याशिवाय कोणी स्विचला हात लावत नसे. मी कोंडाजींच्या सदऱ्याच्या खिशाला अडकवलेला असे, आणि लोक त्यांच्याआधी माझ्याकडे बघत. ते दिवस चांगले होते.

पुढे कोंडाजींचे हात थरथरू लागले. त्यांनी काम सोडलं आणि ते बेगडेवाडीला घरीच राहू लागले. मी स्वयंपाकघरातल्या खणात गेलो. तांदळाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं, की मला टोकाने आत खुपसत. रंगाचा डबा ढवळायलाही मीच. माझं टोक वाकलं, मूठ ओरखड्यांनी भरली, स्प्रिंगला गंज चढला. माझ्यात दिवा आहे, हे त्या घरात कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मला बाहेर काढलं कोंडाजींच्या सुनेने, सविताने. ती वराळ्याजवळच्या एका कारखान्यात गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधायची. लाल, काळी, पिवळी, हिरवी. कोणती वायर कुठे जाते ते तिला डोळे मिटून सांगता येई. एक दिवस कंत्राट संपलं आणि सगळी लाईनच बंद झाली. तेव्हा तिने तळेगावात घरगुती वायरिंगचा छोटा अभ्यासक्रम धरला. तो संपल्यावर इन्व्हर्टरचा, मग अर्थिंगचा.

"इतकी वर्षं वायरी हातात होत्या, पण एकीतूनही वीज वाहताना बघितली नाही," ती कोंडाजींना म्हणाली. "आता स्वतःची कामं घेणार."

"शिडीवर चढशील?" कोंडाजींनी विचारलं.

"आबा, लाईनवर पाळीभर उभी राहायचे. शिडीवर निदान मधूनमधून खाली तरी उतरता येतं."

कोंडाजी हसले. पण घरात ठरलं ते ठरलंच. दिवाळीपर्यंत तिला कायमचं एखादं काम मिळालं तर ठीक, नाही तर पुन्हा कारखान्यात, पुन्हा कंत्राटावर. सविताला तिथे परत जायचं नव्हतं.

वर्गात प्रत्येकाने आपला टेस्टर आणायचा होता. "नवा घे की. लय स्वस्त मिळतो," कोंडाजी म्हणाले. सविताने मला खोलून स्प्रिंग पॉलिश कागदाने घासली, टोक सरळ केलं, आणि चालू सॉकेटमध्ये धरलं. मी पेटलो. किती दिवसांनी!

मित्रांनो, त्या वर्गात माझ्याविषयी मला ठाऊक नसलेलं बरंच काही मी ऐकलं. शिकवायला अमृता मॅडम होत्या. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना अंगणात नेलं. उन्हात एक बोर्ड ठेवला आणि तपासायला सांगितलं. सगळ्यांनी आपापले टेस्टर लावले. सगळे म्हणाले, "बंद आहे." सवितासुद्धा. मॅडमनी त्याच बोर्डाला बल्ब लावला. तो लागला.

"टेस्टर पेटले होते," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला उन्हात दिसले नाहीत. टेस्टर पेटलेला दिसला तर त्याचं ऐका. दिसला नाही, तर लगेच ऐकू नका. आधी चालू जागी लावून तो स्वतः चालतो का बघा. मग त्याच्यावर सावली धरा. आणि शेवटी व्होल्ट मोजणारा मीटर लावा."

सविताने हे कुठे लिहून घेतलं नाही. पण त्या दिवसापासून ती प्रत्येक ठिकाणी तसंच करू लागली.

पाऊस सरला आणि पवनानगरहून बाजीरावांचा फोन आला. धरणाच्या काठावर त्यांचा तंबूंचा कॅम्प होता. त्यांच्या घराची वायरिंग पूर्वी कोंडाजींनीच केली होती. हंगाम सुरू होण्याआधी तंबूंची सगळी लाईन नवी करायची होती. काम पटलं, तर वर्षभराची देखभालही द्यायची होती. कोंडाजींनी सांगितलं, "सून येईल."

"गुरुवारी धाडा," बाजीराव म्हणाले. "लाईट नसती, काम झटक्यात हुतं."

आमच्या मावळात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. त्यामुळे घरचा पंखा असो की शेतावरची मोटर, वायरीचं काम लोक गुरुवारवर ढकलतात. त्या दिवशी मेन स्विच पाडून बंद करण्याचे कष्टही कोणी घेत नाही. कोंडाजीही घेत नसत.

कामशेतहून भरलेल्या जीपमधून आम्ही पवनानगरला पोचलो. कॅम्पवर बाजीरावांचा पुतण्या गोरख होता. आजवरची सगळी जोडाजोड त्यानेच केली होती. सविताने आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडला.

"ताई, आज गुरुवार हाय," गोरख म्हणाला. "लाईटच न्हाई, तर मेन कशाला पाडताय?"

"सवय आहे, गोरखभाऊ. इथे इन्व्हर्टर कुठे आहे?"

"हापिसात. मोबाईल चार्जिंगला. त्याचा तंबूंशी काय संबंध न्हाई."

तिने ऑफिसात जाऊन मला इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये धरलं. मी पेटलो. म्हणजे मी ठीक होतो. मग आम्ही काठाजवळच्या तंबूंकडे गेलो. गवताला नुकतंच पाणी दिलं होतं. गोरख अनवाणी होता, हातात पक्कड. ऊन डोक्यावर आलं होतं. सविताने तंबूंच्या जोडणीच्या पेटीचं झाकण उघडून मला तारेला लावलं.

मी पेटलो. मित्रांनो, मी पूर्ण ताकदीने पेटलो. पण त्या उन्हात मी कोणालाच दिसलो नाही.

"बगा, न्हाई पेटला," गोरख हसला. "करंट काय आभाळातनं येणार व्हय? सरका, म्या तोडतो." त्याने उघड्या तारेकडे हात नेला.

"गोरखभाऊ, हात मागे!"

सविताचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. गोरख जागीच थांबला. लांबून बाजीरावही बघू लागले. त्या क्षणी मी पेटलेला नाही असं ठरलं असतं, तर पुढच्या कामासाठी तिला कोणी बोलावलं नसतं. उगीच घाबरणारी बाई, असंच म्हणाले असते. तिने ओढणीचा पदर माझ्यावर धरला आणि त्याच्या सावलीत वाकून बघितलं. मग गोरखला म्हणाली, "तुम्हीही बघा."

गोरख वाकला. माझा नारिंगी उजेड त्याच्या डोळ्यांत दिसला. त्याच्या हातातली पक्कड गवतात पडली.

त्याचे पाय अजून ओल्या गवतातच होते. सविताने त्याला आधी कोरड्या जागी नेलं. तोवर बाजीराव जवळ आले. गोरख त्यांना म्हणाला, "थर्टी फर्स्टला लाईट गेलती. पाव्हणे वरडाया लागले. म्हून ही एक रांग इन्व्हर्टरवर घेतली. काढायचीच राहिली, काका."

बाजीरावांनी ओल्या गवताकडे बघितलं, पुतण्याच्या पायांकडे बघितलं. "आभाळातनं न्हाई, गोरख," ते म्हणाले. "तुझ्याच जोडणीतनं आला." मग सविताकडे वळले. "ताई, आता काय करायचं ते तुमी सांगा. आमी ऐकतो."

तिने इन्व्हर्टर बंद केला, मला पुन्हा लावलं, पुन्हा सावली धरली, मग मीटरने खात्री केली. आणि मगच कामाला हात घातला. त्या दिवशी गोरखने शिडी धरली, वायरी ओढल्या आणि पायात चपलाही घातल्या. निघताना बाजीराव म्हणाले, "वर्षभर तुमीच या. गुरुवारीच या, पन मेन पाडून."

घरी बाजीरावांचा फोन आधीच आला होता, आणि कोंडाजी ओट्यावर वाट बघत बसले होते.

"पेटला?"

"पेटला."

"गुरुवारी?"

"गुरुवारी, आबा."

त्यांनी मला हातात घेतलं आणि फिरवून बघितलं. "म्या इतकी वर्षं मेन न पाडता कामं केली."

"मग?"

"मग काय. वाचलो." ते घरातल्यांना हाक मारून म्हणाले, "ऐका रं, डब्याचं झाकान काढाया आता चमचा घ्या. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

सविता परत कारखान्यात गेली नाही. आता तिच्याकडे चांगला मीटर आहे, नवी पक्कड आहे, परवान्याच्या परीक्षेचीही तयारी चालू आहे. तरी निघताना आधी मलाच खिशाला अडकवते.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात तोवर मला तारेला लावू नका. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. पण माझ्यावर एवढी मेहरबानी करा. मला डब्यांच्या झाकणांत खुपसू नका, ओलीत टाकू नका. आणि घरात कोणी पक्कड उचलून "आज लाईट नाही" म्हणालं, तर त्याला जरा थांबवा. माझ्यावर सावली धरायला सांगा.