पिल्लं आली आणि हीटर पेटेना

म्हसवडजवळच्या माळावर अंजनानं कोंबड्यांची शेड उभी केली, त्याला दोन वर्षं झाली होती. नवरा मुंबईला कामाला. घरी ती, सासू साळूबाई आणि फौजेतून निवृत्त झालेला धाकटा दीर भाऊसो. डिसेंबरातल्या त्या दिवशी दुपारी सहाशे पिल्लं यायची होती, एका दिवसाची. माळावर बोचरं वारं सुटलं होतं आणि शेडमधला डिझेलचा हीटर काही केल्या पेटत नव्हता.

बटण दाबलं की पंखा फिरायचा, पंप टिकटिक करायचा आणि दोन मिनिटांत सगळं बंद.

"ह्यो माझ्या हातचा हाय वहिनी," भाऊसो बाह्या सारत म्हणाला. "लडाखला असली यंत्रं रोज पेटवलीत."

त्यानं आधी टाकी बघितली. डिझेल होतं. मग डिझेलची नळी सैल केली. बुडबुडे आले.

"हवा धरलीय. घावलं!"

हवा काढली, नळी आवळली, बटण दाबलं. पंखा, टिकटिक, बंद. त्यानं फिल्टर बदलला. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत काडी घालून बघितली, ती मोकळी होती. मीटर घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत गेला, हीटरला वीज देणारी बॅटरी मोजली. "साडेबारा व्होल्टच्या वर हाय. बॅटरीचा दोष न्हाई."

एवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला.

अंजना बाहेर धावली. खोकी उतरवून घेतली. आतून बारीक चिवचिव येत होती. साळूबाई दारातूनच म्हणाली, "माझ्या सैपाकघरात आणा. चूल पेटलेलीच हाय. पर चुलीला चिकटवू नगा, हुरपळतील." सगळी खोकी भिंतीकडेनं मांडली. म्हातारीनं वाऱ्याच्या खिडकीला घोंगडं लावलं आणि मधेच पाटावर बसून राहिली.

शेडमध्ये भाऊसो घाम पुसत होता. "पेटवायची कांडी गेली आसंल. साताऱ्यासनं मागवावी लागंल. दोन दिस."

"भाऊजी, एकदा परत चालू करा बरं."

त्यानं बटण दाबलं. या वेळी अंजना हीटरच्या पडद्याकडे बघत होती. आकडे आधी लख्ख होते. कांडी तापायची वेळ झाली तसे ते मंद झाले.

"बॅटरी तिकडं मोजली तुमी. हितं मोजा की. आत्ता, चालू आसताना."

भाऊसोनं मीटरच्या पिना हीटरपाशी लावल्या. आकडा दहाच्याही खाली घसरला होता.

मग दोघांनी वायरीकडे बघितलं. बॅटरी खोलीत ठेवायची म्हणून मागच्याच आठवड्यात अंजनानं जोड दिला होता. दिव्याची बारीक वायर, चांगली चाळीस फूट; कांडीला लागणारा जोर वाटेतच संपत होता.

"मीच क्येला ह्यो उद्योग," ती ओशाळून म्हणाली.

"आन् मी सकाळपासनं लडाख सांगतोय," भाऊसो हसला.

दोघांनी धरून बॅटरी हीटरजवळ आणली, मूळची जाड वायर थेट जोडली. बटण दाबलं. पंखा फिरला, टिकटिक सुरू झाली. बाहेरच्या नळीतून पांढराफटक धूर आला, तशी अंजना घाबरली.

"आसू द्या, आदीचं साठल्यालं डिझेल जळतंय."

धूर निवळला. हीटरनं हळूहळू सूर धरला आणि अंजनाच्या तळहाताला ऊन ऊन वारं लागलं. तिनं डोळे मिटून घेतले.

तासाभरात शेड तापली. खोकी रिकामी केली तेव्हा पिल्लं आधी एका जागी गोळा झाली, मग पांगली, भुशावर चोची मारू लागली. चारच दगावली होती, तीही प्रवासातच.

साळूबाई चहा घेऊन आली. "पेटला व्हय?"

"वहिनीनं पेटवला," भाऊसो म्हणाला.

कप घेऊन अंजना भुशावरच टेकली. एक पिल्लू तिच्या पायाच्या बोटापाशी आलं, त्यानं नखावर चोच मारून बघितली आणि ते तिथंच झोपलं.