मिनिटाला साठ बुडबुडे

"अठ्ठावन्न," मनगटावरच्या घड्याळावरची नजर न काढता सिस्टर म्हणाल्या. "साठ हवेत ना?"

"अठ्ठावन्न चालतील," पलंगावरून नवरा म्हणाला.

"चालतील म्हणजे काय? साठ सांगितलेत तर साठ."

त्यांनी छोट्या सिलिंडरच्या तोंडावरची बारीक खुंटी केसभर फिरवली आणि पुन्हा मोजायला सुरुवात केली. बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात पाणी, आणि पाण्यातून एकामागून एक वर येणारे बुडबुडे. चौतीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टरांनी सलाइनचे थेंब खाली पडताना मोजले होते. हे वर चढत होते, एवढंच. मिनिट संपलं तेव्हा बरोबर साठ झाले. खुंटीवरून हात काढून त्या म्हणाल्या, "झालं. तुमच्या टाकीतल्या झाडांना सलाइन लागलं."

"कार्बन डायऑक्साइड," नवऱ्याने दुरुस्त केलं. "मला ऑक्सिजन, त्यांना कार्बन डायऑक्साइड. या घरात साधी हवा कुणालाच चालत नाही."

सगळी इमारत त्यांना नकाशेवाले म्हणायची. जमीन मोजणीच्या कार्यालयात त्यांनी जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर दोन फुटांच्या काचेच्या टाकीतही एक नकाशाच काढला. डावीकडे चढ, मधोमध काळा दगड, उजवीकडे उतरत गेलेलं बारीक पानांचं रान, आणि त्यातून फिरणारे अकरा मासे, नखाएवढे, पाठीवर निळी रेघ असलेले. पुढे त्यांची फुप्फुसं थकली. आठ महिने ते पलंगावर होते, नाकाला नळी आणि पायाशी घुमणारं यंत्र. टाकी पलंगाशेजारीच होती, पण तिच्यात हात घालणारं कुणी उरलं नव्हतं. पानं पिवळी पडली, दगडावर शेवाळ चढलं.

मुलगी दर रविवारी यायची. एका रविवारी ती स्वच्छच बोलली, "आई, तुला एक पेशंट पुरत नाही का? ही टाकी मी घेऊन जाते. ऑफिसात कुणीतरी सांभाळेल."

नकाशेवाल्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ऑक्सिजनच्या नळीच्या लांबीवरूनही हुज्जत घालणारा हा माणूस, पण त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. सिस्टरांना त्याचीच भीती वाटली. जो पेशंट तक्रार करायचं सोडतो त्याच्याकडे आधी बघावं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"तीन आठवडे दे," त्या मुलीला म्हणाल्या. "झाडं हिरवी दिसली नाहीत तर खुशाल ने."

"तुला यातलं काय कळतं, आई?"

"मला बाळंतपणातलं तरी काय कळत होतं? वॉर्डात पाठवलं, शिकले."

मुलगी गेल्यावर नकाशेवाले हळूच वळले. झाडांना उजेड मिळतो, खत मिळतं, पण ज्यावर ती वाढतात तो वायू पाण्यात पुरेसा नाही, असं त्यांनी थांबत थांबत समजावलं. आजारी पडण्याआधी त्यांनी त्यासाठी छोटा सिलिंडर आणला होता, तो खोक्यासकट पलंगाखाली पडून होता. सिस्टरांनी तो जोडला, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासली आणि टाकीत एक काचेचं बोंड टांगलं. बोंडातलं पाणी निळं असलं तर वायू कमी, हिरवं असलं तर बेताचा, पिवळं झालं तर जास्त. "पण रंग पालटायला दोन तास लागतात," नकाशेवाले म्हणाले. "तो तुझ्या डॉक्टरांसारखा आहे. सगळं झाल्यावर येतो."

रोज सकाळी टाकीवरचा दिवा लागण्याआधी तासभर खुंटी उघडायची, साठ मोजायचे, संध्याकाळी बंद करायची. दुसऱ्या आठवड्यात देठांच्या टोकांना पोपटी पालवी दिसू लागली. नकाशेवाल्यांची हुज्जतही परतली. दगड दोन बोटं सरकला आहे, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरांनी पट्टी लावून दाखवली, तर म्हणाले पट्टी चुकीची आहे.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ते म्हणाले, "नव्वद करून बघू."

"का? साठावर छान चाललंय."

"रविवारी ती येईल. नुसती हिरवी नकोत, पानांवर मोती दिसायला हवेत. झाड पोटभर जेवलं की पानांवर ऑक्सिजनचे मोती धरतात. मी एकदाच पाहिलेत."

सिस्टरांनी नव्वद लावले.

दुपारी नकाशेवाले झोपले होते. सिस्टर स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, तर अकराच्या अकरा मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून धापा टाकत होते.

चौतीस वर्षांत हात जे शिकले होते ते हातांनी केलं. पेशंटला धाप लागली की हात गॅसच्या खुंटीकडे जातो, आणि वॉर्डात गॅस म्हणजे ऑक्सिजन. सिस्टरांनी खुंटी आणखी उघडली. बुडबुड्यांची धार लागली. नव्या नर्सना त्या नेहमी बजावत, आधी पेशंट बघा, यंत्र नंतर. त्याप्रमाणे त्या माशांकडे बघत राहिल्या. बोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते केव्हाच पिवळंजर्द झालं होतं.

पहिला मासा आडवा झाला, मग दुसरा. तेव्हा त्यांची नजर बोंडावर गेली आणि आपण काय केलं ते त्यांना कळलं.

त्या ओरडल्या नाहीत. खुंटी बंद केली, तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन हातभर उंचीवरून ओतायला लागल्या, म्हणजे खळबळून वायू उडून जाईल. एक तांब्या, दुसरा, शंभरावा. खांदा भरून आला तरी लय मोडली नाही. अर्ध्या तासाने नऊ मासे खाली उतरून पोहू लागले. दोन उतरले नाहीत. ते त्यांनी वाटीत काढले, वाटी झाकून ठेवली आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या जागं होण्याची वाट बघत बसल्या.

वाटी गुपचूप रिकामी करता आली असती. नऊ मासे पोहत असताना ते अकरा नाहीत हे पडल्या पडल्या कुणाच्या लक्षात येत नाही. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका खाटेचं इंजेक्शन शेजारच्या खाटेला दिलं होतं आणि ड्यूटी संपायच्या आत स्वतः जाऊन मोठ्या सिस्टरांना सांगितलं होतं. ती सवय मोडण्याचं हे वय नव्हतं.

नकाशेवाल्यांनी डोळे उघडले तशा त्या म्हणाल्या, "दोन गेले. माझ्या हातून."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नव्वद मी सांगितले होते."

"नव्वदवर नुसती धाप लागली. मारले मी, आणखी वाढवून."

"कुणीही वाढवलं असतं."

"कुणी नाही. फक्त नर्सच वाढवते."

ते हसले, मग खोकले. सिस्टरांनी त्यांना टेकवून बसवलं, पाठीवर हात फिरवला. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "घेऊन जाऊ दे तिला टाकी. मुक्या जिवांवर प्रयोग नकोत."

"ते इंजेक्शन चुकलं, तेव्हा नोकरी सोडलीस?"

"नाही."

"मग उद्या सकाळी साठ लाव. आणि वाढवायचं झालं तर आधी बोंड बघ. मी सांगितलं तरी."

शुक्रवारी साठ. शनिवारी साठ.

रविवारी मुलगी आली ती झाकणाचा मोठा डबा घेऊनच. मासे न्यायला. दारातूनच ती टाकीकडे बघत राहिली. उतारावर रान दाट झालं होतं, दगड स्वच्छ होता. "हे तू केलंस?" तिने विचारलं.

"दोघांनी. पण आधी ऐक. अकरा होते, नऊ आहेत. दोन माझ्या चुकीने मेले. आता ठरव."

मुलीने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. वडील भिंतीकडे वळलेले नव्हते. तिच्याकडेच बघत होते, दगडाच्या जागेवरून वाद घालताना बघत तसेच. तिने डबा जमिनीवर ठेवला.

"उजवीकडचं रान फार वाढलंय," ती म्हणाली. "मधला दगड झाकला जातोय."

"छाटायला हवं," नकाशेवाले म्हणाले. "तुझ्या आईला मोजता येतं. छाटता येत नाही. एकदम सपाट करून टाकते."

"मी ड्रेसिंग कापायची, हो, बाग नाही," सिस्टर म्हणाल्या आणि लांब दांड्याची कात्री मुलीच्या हातात दिली.

मुलीने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. माशांनी वाट दिली. नकाशेवाल्यांनी पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला आणि चादरीवर बोटाने सावकाश एक रेघ ओढली, वरून खाली, मध्ये किंचित वळण देत.

"अशी," ते म्हणाले. "उतार राहू दे."

मुलीने त्या बोटाकडे पाहून पहिला काप घेतला. कापलेली पानं वर तरंगत आली. ती एकेक उचलून सिस्टर डब्यात ठेवत गेल्या. बोट चादरीवर पुन्हा वरून निघालं, अर्ध्यावर थकून थांबलं. मुलगीही कात्री उघडी धरून तशीच थांबली, ते पुन्हा चालू लागेपर्यंत.