लोखंडेंच्या कार्डाला कुंकू

आमच्या घरात पत्त्यांसारखी दिसणारी पण पत्ते नसलेली कार्डं किती आहेत ते मला विचारू नका. बुटांच्या खोक्यांत आहेत, फ्रीजवर आहेत, एकदा तर कणकेच्या डब्यामागे सापडली. सगळी अमेरिकन फुटबॉलवाल्यांची, आणि त्यातही फक्त रनिंग बॅकची. माझा नवरा चंद्रशेखर ड्युसेलडॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे, चाळिशीला टेकलाय, आणि रविवारी सकाळी सोफ्यावर मांडी घालून ही चित्रं लावत बसतो. एकदा मी म्हटलं, "अरे, बाकीचे लोक निदान गाजलेली कार्डं तरी जमवतात. ज्यांना कुणी विचारत नाही तेच बरे तुला सापडतात!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "कुणीतरी विचारायला नको?"

कपाळ माझं!

रनिंग बॅक म्हणजे कोण हे मला खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, लोकाम्पांनी शिकवलं. बॉल पोटाशी घट्ट धरायचा, डोकं खाली घालायचं आणि समोरच्या धिप्पाड माणसांच्या गर्दीत घुसायचं. चार पावलं मिळाली तर चार. पडायचं, उठायचं, परत घुसायचं. पूर्वी म्हणे अख्खी टीम त्याच्या जिवावर चालायची. आता बॉल वरून लांब फेकतात, पलीकडचा झेलतो, टाळ्या त्याला. हा बिचारा फेकणाऱ्याच्या अंगावर कुणी येऊ नये म्हणून मध्ये उभा. लग्नघरातल्या मुख्य आचाऱ्याला पाणी वाढायला लावावं, तसं ते.

हेर लोकाम्प म्हणजे आमचे इथले घरचेच. आम्ही नवीन आलो तेव्हा पत्ता नोंदवायच्या, आन्मेल्डुंगच्या रांगेत शेखरबरोबर तेच उभे राहिले, कचऱ्याचे रंगीत डबे मला त्यांनीच समजावले, आणि माझी आमटी दोन वाट्या पिऊन नाक पुसत पुसत तिसरी त्यांनीच मागितली. मागे पुढे कुणी नाही. आयुष्यभर ट्राम चालवली, पण तुम्ही कोण विचारलं तर ट्राम ड्रायव्हर म्हणायचे नाहीत, रनिंग बॅक म्हणायचे. इथला छोटा हौशी क्लब निघाला तेव्हापासून त्यात खेळले. गुडघे गेल्यावर तिथल्याच रनिंग बॅकच्या पोरांना शिकवायला लागले. फुकट. दर मंगळवारी आणि गुरुवारी, पाऊस असो नाहीतर बर्फ.

दोन हजार सातचा उन्हाळा त्यांना वाईट गेला. आधी युरोपातली मोठी लीगच बंद पडली. मग इथल्या क्लबात अमेरिकेहून नवा कोच आला. पोरगा चांगला होता, उद्धट वगैरे अजिबात नाही. त्याने लोकाम्पांना बसवून कॉफी पाजली आणि सांगितलं की आपण आता बॉल फेकूनच खेळणार, रनिंग बॅकना वेगळा शिकवणारा नको. एवढंच. पण त्या दिवसापासून हा माणूस मैदानावर गेला नाही. मैदान कसलं, जिना उतरेनासा झाला. ब्रेड मी आणून द्यायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, म्हणायचे, काठी दाखवायचे. डॉक्टरांनी मात्र कधीच सांगितलं होतं की गुडघा ठणठणीत आहे, फिरा.

सप्टेंबरात श्पेरम्युलचा दिवस होता. नको असलेलं सामान फुटपाथवर ठेवायचं, सकाळी गाडी घेऊन जाते. ऑफिसातून येताना शेखरला तिथे एका मोडक्या खुर्चीवर लोकाम्पांचा अल्बम दिसला. क्लबाने पूर्वी एका चांगल्या वर्षी हौसेने आपल्या खेळाडूंची कार्डं छापली होती, त्यांचा तो अल्बम. सगळे दोस्त त्यात होते, एकच खिसा रिकामा. तो लोकाम्पांचा. स्वतःची सगळी कार्डं त्यांनी तेव्हाच मैदानावरच्या पोरांना वाटून टाकली होती. शेखर अल्बम कोटाखाली दडवून वर आला आणि त्या दिवशी धड जेवलासुद्धा नाही.

"चारू, माणूस स्वतःलाच टाकून देतोय गं," म्हणाला.

मग त्याने ते एक कार्ड शोधायचा ध्यास घेतला. इंटरनेटवर शोधलं, ओळखीपाळखीत विचारलं, आणि शेवटी ऑक्टोबरात एसेनला कार्डवाल्यांच्या अदलाबदलीच्या बाजारात ते सापडलं. कडक प्लास्टिकच्या डबीत, चारी कोपरे सुईसारखे. काखेत हेल्मेट, डोक्यावर भरघोस केस, आणि हसू असं की जग यांच्या बापाचं. बेत ठरला. दसरा रविवारी येत होता, लोकाम्पांना जेवायला बोलवायचं, कार्ड त्या रिकाम्या खिशात घालून अल्बम पूर्ण करून हातात द्यायचा, आणि मैदानावर जायचं कबूल करून घ्यायचं. हिवाळा तोंडावर आला होता. इथल्या हिवाळ्यात घरात कोंडून बसलेल्या एकट्या माणसाचं काय होतं ते आम्ही शेजारच्या बिल्डिंगीत पाहिलं होतं. मला तर रात्री झोप लागेना.

आता यात आमच्या सासूबाई. नाव कुसुम, गाव सांगली. गणपतीपासून आमच्याकडे होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी लोकाम्पांचं लोखंडे करून टाकलं आणि ते गृहस्थही लोखंडे म्हटलं की 'या, या', म्हणजे जर्मनमधलं हो, हो, म्हणून वळून बघायला लागले. आम्ही दोघं त्यांना आई म्हणतो, तर ते म्हणायचे फ्राऊ आई, म्हणजे श्रीमती आई. एकीला मराठीशिवाय येत नाही, दुसऱ्याला जर्मनशिवाय. तरी दोघं तासभर गुडघेदुखीवर बोलत बसायची.

दसऱ्याच्या सकाळी मी पुऱ्या लाटत होते. श्रीखंड इथल्या दह्यासारख्या क्वार्कचं, आदल्या रात्रीच टांगून ठेवलेलं. आईंनी बाहेर पाट मांडला होता. आणि एकदम शेखरचा आवाज आला, "आई!" मी झारा हातात घेऊनच धावले.

पाटावर शेखरचा लॅपटॉप, माझी सुरी, कात्री, गाडीच्या किल्ल्या. सगळ्यांत पुढे माझ्या सासऱ्यांची गुडघ्याला घालायची जुनी निकॅप, आई ती सांगलीहून बॅगेत घेऊन आल्या होत्या. आणि निकॅपला टेकून ते कार्ड. प्लास्टिकमधून बाहेर काढलेलं. तरुण लोकाम्पांच्या कपाळावर अंगठ्याएवढं ओलं कुंकू, खाली हळद, वर अक्षता. कुंकू ओघळून पार नाकापर्यंत आलेलं.

"आई, हे काय केलंत!"

"काय केलं म्हणजे? पूजा केली. शेखरच म्हणाला होता ना, लोखंडेंचं सगळं आयुष्य ह्याच्यात आहे म्हणून?"

"अहो पण वरून लावायचं, डबीवरून! आपण फोटोला नाही का काचेवरून लावत?"

"फोटोला लावतात काचेवरून. हत्यार काय कुणी म्यानात ठेवून पुजतं?"

माझं डोकंच फिरलं. नको ते बोलले. म्हटलं, विचारायचं तरी, घरात माणसं आहेत, तोंडं आहेत त्यांना! कार्डवाल्यांच्या जगात कोपरा दुमडला तरी सुतक पाळतात, आणि इथे तर नाकापर्यंत कुंकू. शेखर रुमालाने टिपायला गेला तर सगळं आणखी पसरलं. हळद ती, लग्नातली आठवडाभर जात नाही, कागदावरची काय जाणार? आईंचा चेहरा इतका एवढासा झाला की मला माझ्याच जिभेचा राग आला.

"आज नकोच द्यायला," शेखर म्हणाला. "दुसरं शोधतो मी."

दुसरं कुठलं मिळतंय! आणि तेवढ्यात बेल वाजली. एक वाजता यायला सांगितलं होतं, एकच्या ठोक्याला हजर. टाय लावून, एका हातात काठी, दुसऱ्यात आईंसाठी फुलं.

आईंनी डोळे पुसले आणि पुढे झाल्या. इथे आपटा कुठला? पण कोपऱ्यावर गिंकोचं झाड आहे, त्याचं पान मधोमध तसंच चिरलेलं, आणि ऑक्टोबरात पिवळंधमक. त्यातलं एक त्यांनी लोकाम्पांच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मी अर्थ सांगितला. त्यांनी पान नीट धरून ठेवलं.

शेखर पाटासमोर असा उभा राहिला की काहीतरी लपवतोय हे आंधळ्यालाही कळावं. लोकाम्पांनी खांद्याने त्याला अलगद बाजूला सारलं. काही म्हणा, जुनी सवय. आणि ते वाकले.

"कुठे मिळालं?" त्यांनी विचारलं.

"एसेनला. पण हेर लोकाम्प, ते अगदी कोरं होतं हो, आज सकाळपर्यंत. चुकून..." शेखरची जीभ अडखळायला लागली.

"हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. म्हटलं, आज आम्ही हत्यारं पुजतो. माणूस ज्याच्यावर जगला, ती वस्तू.

ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "आल्झो, मग तुमची चूक झाली. हे हत्यार आता कुणाला लागत नाही."

आईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाले?" मी मराठीत सांगितलं. त्या पाटाशी बसल्या, निकॅप उचलली आणि लोकाम्पांच्या हातात दिली.

"सांग त्यांना. हे माझ्या मालकांचं. कबड्डी खेळायचे. चढाई करायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन, हे तरी आता कुणाला लागतंय? पण दर दसऱ्याला पाटावर पहिलं हेच. लागतं म्हणून नाही पुजत बाबा. ह्याने माझ्या माणसाला उभं ठेवलं, म्हणून पुजते."

माझं जर्मन भाजीबाजारातलं. कसंबसं सांगितलं. लोकाम्प निकॅपवरून अंगठा फिरवत होते. जिथे विरली होती तिथे थांबले.

"डावा?"

"डावाच," शेखर म्हणाला.

"माझाही डावा." मग, "कसला खेळ?"

शेखरने सांगितलं. एकटा माणूस समोरच्या सात जणांच्यात घुसतो, शिवतो, आणि श्वास संपायच्या आत परत येतो.

"बॉल?"

"बॉल नाही."

"हेल्मेट?"

"तेही नाही."

"डोनरवेटर!" लोकाम्प म्हणाले, आणि त्यांनी निकॅप दोन्ही हातांनी आईंना परत दिली. शेखर कार्डाची डबी घेऊन आला, तर मान हलवली. "नाइन, नको. कोरी असतील अजून कुणाकडे. कुंकवाचं माझ्या एकट्याचंच." आणि ते कार्ड, अक्षतांसकट, शर्टाच्या खिशात टाकलं. शेखरने तोंड फिरवलं. मी पुऱ्या तळायला पळाले, नाहीतर माझंही काही खरं नव्हतं.

जेवण झालं, श्रीखंड दोनदा घेऊन झालं, आणि आईंनी कपाटातून स्वेटर काढला. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, वर स्वेटर, खाली शेखरचे स्पोर्ट्स शूज.

"चला. सीमोल्लंघन."

लोकाम्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं, हत्यार पुजलं की त्या दिवशी गावाची वेस ओलांडायची असते.

"सीमा? हॉलंडला जायचं?" ते म्हणाले.

"इतक्या लांब कशाला?" आई म्हणाल्या. "लोखंडे जिथे खेळायचे तिथे जाऊ. मला बघायचंय."

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता गुडघा काढणार. पण आई दारात उभ्या होत्या, त्या शूजमध्ये, आणि त्या बाईला नाही म्हणणं आजवर कुणाला जमलेलं नाही. लोकाम्पांनी कोट घेतला.

मैदान जवळच, पण आम्ही रमतगमत गेलो. पोरांचा सराव चालला होता, पलीकडे तो अमेरिकन कोच ओरडत होता. पांढऱ्या रेघेपाशी लोकाम्प थांबले. काठी जमिनीत रोवली आणि म्हणाले, "बिस हियर." इथपर्यंतच.

आईंना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या खाली वाकल्या, रेघेवरची माती बोटाला घेतली, कपाळाला लावली. माझे सासरे मैदानात उतरताना तसंच करायचे म्हणे. मग साडीच्या निऱ्या उचलून त्या रेघेपलीकडे गेल्या आणि मागे वळल्या.

"या!"

हे भाषांतर मी केलं नाही. लोकाम्पांनी खिशावर एकदा हात ठेवला, काठी माझ्या हातात दिली आणि रेघ ओलांडली. पलीकडून एका पोराने त्यांना पाहिलं, हातातला बॉल पोटाशी धरला आणि डोकं खाली घालून त्यांच्याकडेच पळत सुटला.

ती काठी धरून मी अंधार पडेपर्यंत तिथे उभी होते. हात पार अवघडून गेला, पण खाली ठेवायची छाती झाली नाही.