पत्राच्या आधीचा पाडवा

वीणाने गणपती नेला तेव्हा शुभदा दारातच उभी होती, आणि तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. मुळात तिचा आवाजच लहान. आयर्लंडमधल्या नास गावची मराठी मंडळी गमतीने म्हणायची, शुभदाला फोन करायचा तर आधी आपला टीव्ही बंद करावा. पहाटेची आंघोळ, जप होईपर्यंत मौन, नैवेद्य दाखवल्याशिवाय चहाचा घोट नाही, असा तिचा रोजचा नेम. बाहेर बर्फ पडो की सुट्टीचा दिवस असो, त्यात कधी खंड नाही. गेली सहा वर्षं या नेमाच्या मधोमध तो बसला होता: सगळ्यांनी वर्गणी काढून पुण्याहून आणवलेला, वीतभर उंचीचा पितळी गणपती. मालकी मंडळाची, पण राहायचा शुभदाकडे. त्याला रोज न्हाऊमाखू घालणारी दुसरी कोणी नव्हतीच.

मग वीस सालचा एप्रिल आला. तिचा डॉक्टर नवरा गुरुनाथ हॉस्पिटलातून ताप घेऊन घरी आला आणि वरच्या खोलीत बंद झाला. तिसऱ्या दिवशी शुभदालाही कणकण आली. घरात सात वर्षांची क्षितिजा आणि फ्रीजमध्ये अर्धा लिटर दूध. तिने वीणाला फोन केला. वीणा दोन रस्ते पलीकडे राहायची.

"दूध आणि पॅरासिटामॉल, एवढंच दाराशी ठेवशील का गं?"

"अगं वेडे, हे काय विचारणं झालं? आत्ता रणजितला पाठवते."

रणजित आला नाही. आला तो मंडळाच्या ग्रुपवर वीणाचा मेसेज. 'डॉक्टरांच्या घरात करोना शिरलाय. वाईट वाटतं, पण कोणीही तिकडे जाऊ नये, त्यांच्याकडचं काही घेऊ नये.' खाली हात जोडलेले. त्याच्याखाली एकामागून एक अंगठे. दूध शेवटी शेजारच्या मिसेस ब्रेननने कुंपणावरून दिलं, सोबत एक ब्राउन ब्रेड, आणि वर धीर देत म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, लव्ह."

ऑगस्टात नासची सगळी किल्डेअर काउंटी पुन्हा बंद झाली. गुरुनाथ तोवर तीन महिने ठणठणीत होता, रोज ड्यूटीवर जात होता. चतुर्थीच्या चार दिवस आधी वीणा मास्क लावून दारात आली.

"यंदा झूमवरच करायचंय ना, माझ्याकडे कॅमेरा बरा आहे. आणि खरं सांगू का, रागावू नकोस, पण तुमच्या घरचा प्रसाद म्हटलं की लोकांना अजून जरा... कळतंय ना?"

झूमवर कुणी कुणाचा प्रसाद कसा खाणार होतं, हे शुभदाने विचारलं नाही. तिने मूर्ती दोन्ही हातांनी बाहेर आणली. वीणाने ती थेट घेतली नाही. पायरीवर ठेवायला सांगितली. मग पर्समधून ओल्या वाइप्सचं पाकीट काढलं आणि त्याला पुसायला लागली. सोंड, पोट, मोदकाचा हात. सॅनिटायझरचा वास शुभदाच्या नाकात गेला. पहाटे लावलेलं गंध त्या पांढऱ्या फडक्यावर लाल होऊन उतरलं, आणि ते फडकं वीणाने शुभदाच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"आई, व्हाय इज शी क्लीनिंग हिम?" क्षितिजाने विचारलं. "इज बाप्पा सिक?"

त्या दिवसापासून जप संपला की शुभदा दोन मागणी मागायची. पहिलं, तो घरी यावा. दुसरं पहिल्याच्या पाठोपाठ, ओठसुद्धा न हलवता: वीणाला भोगायला लागावं, आणि मला ते दिसावं.

शुभदाचं काम घरांची ऊब मोजण्याचं. तेलाऐवजी विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवायला सरकार अनुदान देतं, पण आधी घराची तपासणी लागते. भिंतीतून, खिडक्यांतून, छतातून किती ऊब गळते ते मोजायचं, अहवाल द्यायचा, मग अर्ज जातो, मग मंजुरीचं पत्र येतं. पत्र आल्यावरच काम, आणि काम झाल्यावर पुन्हा तपासणी, दुसरा अहवाल. पत्राआधी काम सुरू झालं की अनुदान गेलं, तिथे गयावया चालत नाही. शुभदा प्रत्येक घरात हे तीनदा सांगायची. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तर दाराशी निघताना चौथ्यांदा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वीणाचा फोन आला, गोड आवाजात. तेलाचा बॉयलर काढून हीट पंप घ्यायचाय, तपासणी तूच कर, आपलं माणूस असताना परक्याला कशाला.

शुभदा गेली. खिडक्या मोजल्या, अ‍ॅटिकमध्ये चढून इन्शुलेशनची जाडी मोजली, आणि खाली बैठकीत आली तेव्हा तो दिसला. काचेच्या कपाटात, वायफायच्या राउटरला टेकून. डोक्यावर वाळून चोळामोळा झालेलं एक फूल. राउटरचा हिरवा दिवा त्याच्या कानाशी लुकलुकत होता.

"रोज पूजा होते ना गं?" तिने हळूच विचारलं.

"रविवारी करते की! रोज कुणाला वेळ आहे? तुझ्यासारखं सोवळ्यात बसायला मी काय रिकामी आहे?" वीणा हसली. "बस, चिवडा खा. आता चालतं तुमच्याबरोबर खाल्लेलं, घाबरू नकोस."

रणजित चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता, त्याला प्रत्येक आकड्याची हौस. अहवाल चांगला आला म्हणताच तो खुशीत आला. "साडेतीन हजार युरो! साडेतीन मुहूर्त, साडेतीन हजार. जमून आलं, काय शुभदावहिनी?"

शुभदाने नियमांचं पत्रक टेबलावर ठेवलं आणि पोच म्हणून वीणाची सही घेतली. वीणाने पत्रकाकडे बघितलंही नाही. त्यावर चिवड्याची बशी ठेवली. तीनदा सांगायचं वाक्य शुभदाच्या घशाशी आलं. तिने काचेमागच्या त्या वाळक्या फुलाकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

अर्ज गेला. तेव्हा अधिक महिना चालू होता, त्यात नवं काही सुरू करायचं नाही म्हणून वीणा थांबली होती. दसरा रविवारी आला, त्या दिवशी कामाला माणूस मिळेना. दिवाळीच्या आधल्या गुरुवारी तिचा पुन्हा फोन.

"अगं, तो डेक्लन, पंप बसवणारा, सोमवारी मोकळा आहे म्हणतोय. सोमवारी पाडवाच ना? तू जरा पंचांग बघून सांग. तुझा शब्द म्हणजे शब्द."

शुभदाने पंचांग उघडलं. उघडायची गरज नव्हती.

"पाडवा आहे. दिवस उत्तम आहे."

"मग करू सुरू? सरकारचं ते पत्र येईल तेव्हा येईल. पैसे कामानंतरच देतात ना?"

"पैसे कामानंतरच देतात," शुभदा म्हणाली. यातला शब्दन् शब्द खरा होता. मग आणखी हळू आवाजात ती म्हणाली, "असा दिवस हातचा घालवू नये, वीणा."

फोन ठेवल्यावर तिने हात धुतले, देवापुढे निरांजन लावलं. भीती वाटत नव्हती. लहानपणी झोका उंच गेला की वाटायचं, तसं वाटत होतं.

पाडव्याला ग्रुपवर फोटो आला. वीणा पैठणीत, रणजित कुर्त्यात, मागच्या अंगणात पंपाचं ते भलंमोठं पांढरं खोकं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढ्यात फोडलेला नारळ. शेजारी गोंधळलेला डेक्लन, त्याच्याही कपाळाला कुंकू. 'पाडव्याच्या शुभमुहूर्तावर कामाचा श्रीगणेशा! मुहूर्त : आपली शुभदा.'

शुभदाने पहिला अंगठा दिला.

मंजुरीचं पत्र शुक्रवारी आलं. चार दिवसांनी.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, भर दुपारी, वीणाची गाडी दारात थांबली. ती उतरली तेव्हा तिच्या हातात कागद होते आणि डोळे सुजलेले.

"शुभदा, हा शेवटचा फॉर्म. काम कधी सुरू झालं ती तारीख घालायची आहे. डेक्लन म्हणतो, तुझ्या दुसऱ्या अहवालात जी तारीख असेल तीच तो घालणार. तू फक्त तेवीस लिही."

"सोळाला सुरू झालं ना."

"मला माहितीये कधी झालं! रणजित चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये. कंपनीत निम्म्या पगारावर आणलंय त्याला, हे पैसे धरूनच आम्ही कर्ज काढलं." तिचा आवाज चढला. "तुला माहीत होतं. पत्राआधी चालत नाही हे तुला माहीत होतं, आणि तू मला दिवस काढून दिलास!"

"तू दिवस विचारलास. मी दिवस सांगितला."

"मी तुझ्या ऑफिसला कळवीन!"

"कळव. पत्रक मिळाल्याची तुझी सही आहे माझ्याकडे."

वीणा तिच्याकडे बघत राहिली, जणू हे माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिलं. मग तिने गाडीकडे हात केला. पुढच्या सीटवर, शालीत गुंडाळलेला, सीटबेल्ट लावलेला तो बसला होता.

"आणलाय मी त्याला. चुकलंच माझं. एप्रिलचंही चुकलं, ऑगस्टचंही. सगळ्यांसमोर सांगते, हवं तर ग्रुपवर लिहिते. तू त्याला आत घे, शुभे. फक्त एक तारीख बदल."

शुभदा गाडीपाशी गेली. तिने दार उघडलं. शाल सरकली होती, ती तिने नीट केली. पितळेला हात लागला तर ते गार होतं. साडेतीन महिने ज्याच्यासाठी रोज हात पसरले, तो हातभर अंतरावर होता. बेल्टचं बटण दाबलं की झालं. खोटी तारीख लिहायची नाही, हे खरंच. पण तेवढंच कारण आहे असं स्वतःला सांगायला ती गेली, आणि तिला ते जमेना. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्याचं अनुदान वाचावं म्हणून तिने सरकारी खात्यात चार-चार फोन केले होते, विनंतीअर्ज लिहून दिला होता. तसा अर्ज हिच्यासाठीही करता आला असता. मिळालं असतं, नसतं, ते पुढचं. पण वीणाला तो रस्ता सांगावा असं तिच्या जिभेला वाटेना.

तिने गाडीचं दार हळूच लावलं.

"घेऊन जा त्याला."

"अगं, तुला हाच हवा होता ना?"

"हवा होता. अजूनही हवाच आहे."

"मग?"

"तुला ते पैसे मिळाले, तर मला त्याच्या तोंडाकडे बघवणार नाही," शुभदा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, लहान. "रोज पूजा कर त्याची. आता घरात ऊबही असेल."

वीणा रडत होती की शिव्या देत होती, ते मास्कमागून नीट कळलं नाही. गाडी वळली, कोपऱ्यावर क्षणभर थबकली आणि गेली. मिसेस ब्रेननने खिडकीतून हात हलवला, शुभदानेही हलवला.

आत गुरुनाथने विचारलं, "कोण होतं गं?"

"वीणा. कामाचं होतं."

तिने लॅपटॉप उघडला. वीणाच्या घराचा दुसरा अहवाल भरून तयार होता, फक्त एक रकाना रिकामा होता. तिने त्यात एक आणि सहा हे आकडे टाकले, मग नोव्हेंबर, मग साल. पाठवायचं बटण दाबण्याआधी तिने डोळे मिटून हात जोडले.