न लागलेला बुक्का

या मित्रांनो, जवळ येऊन बसा. मांडी नीट घाला, मोबाइल पालथा ठेवा. एक गोष्ट सांगतो. कीर्तनाची आहे, आणि माझ्या चुकीचीही.

मी एक जुना व्हीआरचा चष्मा आहे. डोळ्यांवर चढवला की समोर दुसरंच जग उभं करतो. मुलं माझ्यात खेळ खेळतील असं मला वाटलं होतं. पण मी आलो नारायण पेठेत, नीरजाताईंच्या समुपदेशनाच्या खोलीत. गर्दीला, लिफ्टला, बसला घाबरणारी माणसं तिथे येत. त्यांना मी बसल्या जागी गर्दी दाखवायचो. भीती चढायची, छाती धडधडायची. पण पळून न जाता थांबलं की आपोआप उतरायची. हडपसरचा एक इंजिनिअर महिनाभर माझ्यातली लिफ्ट चढला, आणि मग खऱ्या लिफ्टने अकराव्या मजल्यावर कामाला गेला. तेव्हा माझं फार कौतुक झालं.

मग बिबवेवाडीहून मथुराबाई आल्या. सून कादंबरीने रिक्षातून आणलं. वाटभर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. वीस वर्षं त्यांनी दुर्गाबाई कीर्तनकारांना पेटीची साथ केली होती. तीन वर्षांपूर्वी भर कीर्तनात त्यांचा श्वास कोंडला, आता मरणार असं वाटलं. तपासलं तर हृदय ठणठणीत. पण गर्दीचा धसका बसला तो बसलाच. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. दुर्गाबाईंनी मात्र पेटीवर दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. गुडघ्यांमुळे त्यांना बिबवेवाडीचे जिने चढवत नव्हते, म्हणून निरोप पाठवीत. मथुराबाईंनाही एकच हवं होतं, पुन्हा त्या पेटीमागे बसायचं.

नीरजाताईंनी दोन गल्ल्यांपलीकडच्या देवळात पेटीच्या जागी कॅमेरा ठेवून दुर्गाबाईंचं एक कीर्तन चित्रित केलं. मध्यावर बुक्का लावायची वेळ झाली, तेव्हा दुर्गाबाई कॅमेऱ्याकडे वळल्या.

"मथुरे, या डबड्यात बसली आहेस होय? कर कपाळ पुढे." आणि त्यांनी बोट पुढे केलं.

पहिल्या दिवशी मथुराबाईंनी चार मिनिटांत मला ओढून काढलं. दीड महिन्यात मात्र त्या अख्खं कीर्तन शांतपणे ऐकू लागल्या. दर बुधवारी मांडीवर बोटं फिरवत सूर धरायच्या, आणि बुक्क्याच्या वेळी कपाळ पुढे करायच्या. बोट यायचं, स्पर्श यायचा नाही. जिथे बुक्का लागायचा, नेमकी तिथेच माझी गादी टेकलेली असायची.

"आता देवळाच्या पायरीपर्यंत तरी जाऊन येऊ," नीरजाताई म्हणायच्या. "दोन गल्ल्या तर जायचंय."

"जाऊ की. पुढच्या बुधवारी. इथं कसं, कुणाचा धक्का लागत नाही."

"आई, दुर्गाबाईंचा निरोप आहे," कादंबरी एकदा म्हणाली. "म्हणाल्या, पेटीला उंदीर लागायच्या आत या म्हणावं."

मथुराबाई हसल्या आणि मला डोळ्यांवर घेतलं. असे पाच महिने गेले. नीरजाताईंना जास्त आग्रह करवेना. आणि मला, खरं सांगतो, बरंच वाटायचं. इतक्या मायेने मला कुणी हाती धरलं नव्हतं.

एका बुधवारी त्या कपाळ पुढे करून बसल्या असतानाच कादंबरी आत आली. नीरजाताईंनी मला अलगद काढलं. दुर्गाबाई सकाळीच गेल्या होत्या.

मथुराबाई उठल्या.

"रिक्षा आणते, आई."

"कशाला? दोन गल्ल्या तर आहेत."

पुढचं मी पाहिलं नाही. कादंबरीने नंतर सांगितलं. दुर्गाबाईंचं घर देवळाला लागूनच. वाटेत चौकातल्या गर्दीत मथुराबाईंना पुन्हा तेच झालं. एका दुकानाच्या शटरला टेकून त्या उभ्या राहिल्या, घामाने भिजल्या, पण परत फिरल्या नाहीत. भीती उतरेपर्यंत थांबल्या, माझ्यात शिकल्या होत्या तशाच. मग माणसांतून वाट काढत आत गेल्या, आणि दुर्गाबाईंच्या कपाळाला स्वतःच्या बोटाने बुक्का लावला.

म्हणजे त्या जाऊ शकत होत्या, मित्रांनो. पाच महिन्यांपूर्वीही, कदाचित. हेच मला टोचतं.

आता माझा पट्टा सैल झाला आहे, मी कपाटात असतो. मथुराबाई दर एकादशीला पेटीवर बसतात, दुसऱ्या कीर्तनकारांच्या मागे. मी नुसता उंबरठा होतो; उंबरठ्यावर कुणी मुक्काम करू नये. तुमच्या घरात कुणी असं घाबरत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हात धरा आणि एक खरं पाऊल बाहेर टाका, आजच्या आज.

आणि कधी कीर्तनाला गेलात, मध्यावर कुणी तुमच्या कपाळाला बुक्का लावला, तर डोळे मिटून क्षणभर दुर्गाबाईंना आठवा. त्यांनी शेवटपर्यंत पेटीची जागा रिकामी ठेवली होती.